डेलावेअरमार्गे

कर हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे, हे सत्य ज्याला तो भरावा लागत नाही त्याला अधिक स्पष्ट दिसतं. आम्हा हर्नडनच्या मराठी मंडळींना ते २००३ ते २००७ या काळात इतकं स्पष्ट दिसत होतं, की मंडळानं त्यावर चक्क परिसंवाद घेतला. पण अहवाल क्रमानं गेलेला बरा, म्हणून आधी कायदा.

अमेरिकेत विक्रीकर घेण्याचा अधिकार राज्यांचा. आमच्या व्हर्जिनियात तो पाच टक्के. जवळच डेलावेअर नावाचं चिमुकलं राज्य आहे, तिथे विक्रीकर नाहीच. (जवळच म्हणजे मध्ये अख्खं मेरिलंड येतं. पण वाचणाऱ्या पैशाच्या संदर्भात अंतर नेहमी कमी भरतं.) ऑनलाइन खरेदीचा त्या काळचा नियम तीन भागांत होता. ज्या कंपनीचं आपल्या राज्यात दुकान आहे, तिनं ऑनलाइन मालावरही कर लावायचा. जिचं नाही, तिनं लावायचा नाही. आणि कंपनीनं लावला नाही तर गिऱ्हाइकानं आपण होऊन, कोणी मागितलेला नसताना, वर्षाअखेर एक फॉर्म भरून तेवढीच रक्कम राज्याला पाठवायची. या तिसऱ्या भागाला वापरकर म्हणतात. मनुष्यस्वभावावर इतका विश्वास मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेला नाही. अमेरिकेत सोळा वर्षं काढूनही हा कर भरणारा माणूस मला भेटला नव्हता. (दाढी करताना रोज शोधत असे.)

राज्यांनी हा कर सक्तीनं घ्यावा का, यावर देशभर चर्चा चालू होती. कंपन्या म्हणत, देशातल्या हजारो गावांचे दर आम्ही कुठून लक्षात ठेवायचे? राज्यं म्हणत, मग आमच्या शाळा आणि लायब्रऱ्या चालायच्या कशा? गिऱ्हाईक काहीच म्हणत नव्हतं. ते क्लिक करत होतं.

अशा वेळी आमच्या मंडळाचा अध्यक्ष राजाराम याला टीव्ही घ्यायचा झाला. कंपनीचं दुकान आमच्या हायवेवरच, त्यामुळे ऑनलाइन मागवला तरी कर लागणार. राजाराम सरकारी कंत्राटावर डेटाबेस सांभाळतो. अडलेला डेटा दुसऱ्या वाटेनं काढणं हा त्याचा पेशा आहे. २००३ च्याच ऑगस्टमध्ये मिरजेची चैत्राली नावाची मुलगी केमिकल इंजिनिअरिंगची पीएचडी करायला डेलावेअरमधल्या न्यूअर्कला आली होती. तिची आई आणि आमच्या मंडळाची खजिनदार प्रतिमा या कॉलेजातल्या वर्गमैत्रिणी. राजारामनं टीव्ही चैत्रालीच्या पत्त्यावर पाठवला आणि शनिवारी जाऊन घेऊन आला.

"पोरगी घरीच असते," तो म्हणाला. "तिला काय त्रास?"

पोरगी आठवड्याचे सत्तर तास प्रयोगशाळेत असायची. पण आम्हाला वाक्य आवडलं आणि आम्ही ते ठरावासारखं मंजूर केलं. वर्षभरात शहाण्णव मराठी कुटुंबांना एकच कायमचा पत्ता झाला. घरं बदलली, नोकऱ्या बदलल्या, एकाची बायकोही बदलली, पण माल न्यूअर्कलाच उतरत राहिला.

आम्ही इंजिनिअर असल्यामुळे नियमावली आली. ती मी लिहिली. योजनेचं नाव 'केंद्रीय आवक योजना'. ठळक नियम असे:

१. प्रत्येक खोक्यावर 'केअर ऑफ चैत्राली' असं लिहावं. खाली मालकाची आद्याक्षरं घालावीत. (पूर्ण नाव नको. का नको, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, यातच सगळं आलं.)

२. दोनशे डॉलरच्या आतली वस्तू व्हर्जिनियातच घ्यावी आणि राष्ट्रउभारणीला हातभार लावावा. (जिथे कर दहा डॉलरच्या आत बसतो, तिथे देशभक्ती परवडते.)

३. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मिनीव्हॅनवाल्यांनी पाळीपाळीनं माल आणावा.

४. चैत्रालीला कोणीही पैसे देऊ नयेत. स्टुडंट व्हिसावर तिला असलं काम करायची परवानगी नाही. डबा चालेल.

५. अनिलनं पुन्हा ट्रेडमिल मागवू नये.

नियम चारचा मला फार अभिमान होता. कायद्याचा एवढा बारकाईनं विचार आमच्याशिवाय कोणी केला नसता. चैत्रालीला या चार वर्षांत चकल्या, शंकरपाळी, एकदा पुरणपोळ्या आणि कोणाचे तरी आंबाबर्फीचे तीन डबे मिळाले. डबे परत करायचे असतात हे तिला आठवण करून द्यावी लागे.

आता आकडेवारी. हर्नडन ते न्यूअर्क जाऊन-येऊन दोनशे चाळीस मैल. एका खेपेचं पेट्रोल, टोल आणि वाटेतली कॉफी मिळून अडतीस डॉलर. डेलावेअरच्या वेशीवर आणखी एक टोलनाका आहे. तो चुकवायला आम्ही आधीच एल्कटनला हायवे सोडून आतल्या रस्त्यानं जात असू. त्यात पाच मैल वाढायचे, पंचवीस मिनिटं जायची आणि तीन डॉलर वाचायचे. माझ्या स्वतःच्या चौदा खेपांचा हिशेब मी एकदा एक्सेलमध्ये मांडला. वाचलेला कर आणि झालेला खर्च यांची वजाबाकी केली तेव्हा उत्तर लाल रंगात आलं. मी फाइल जतन न करता बंद केली. काही गोष्टी पैशापलीकडच्या असतात.

२००७ च्या सप्टेंबरात मंडळानं 'आपली नवी मायभूमी' या मालेत परिसंवाद ठेवला: 'ऑनलाइन खरेदीवर राज्यांनी विक्रीकर घ्यावा का?' वक्त्यांनी मत द्यायचं नसून बाजू मांडायची होती, आणि बाजू चिठ्ठीनं ठरायची होती. आमच्या शाळा-कॉलेजांनी आम्हाला वक्तृत्व असंच शिकवलं. मी दहावीत हुंड्याच्या विरोधात ढाल आणली होती आणि बारावीत, चिठ्ठी तशी निघाल्यामुळे, संयुक्त कुटुंबाच्या विरोधातही. या वेळी मला 'घ्यावा' निघालं.

मी उत्कृष्ट बोललो. आमच्या भागातली लायब्ररी रविवारी बंद राहू लागली होती, आणि त्यामुळे तिच्या हॉलमध्ये फुकटात भरणारी आमची मराठी शाळा रस्त्यावर आली होती. तिथून सुरुवात केली. म्हणालो, मित्रहो, हे कुलूप कोणी लावलं? हे कुलूप आपल्या माउसनं लावलं! आपण क्लिक करतो तेव्हा कुठल्या तरी मुलाच्या हातातलं पुस्तक गळून पडतं! (इथे दोन आया रडल्या.) कर चुकवणारा माणूस शेजाऱ्याच्या विहिरीतून रात्री पाणी चोरणाऱ्यासारखा आहे, असंही म्हणालो. हर्नडनमध्ये विहिरी नाहीत, पण टाळ्या पडल्या.

पहिलं बक्षीस म्हणून डिजिटल कॅमेरा मिळाला. खोक्यावर 'केअर ऑफ चैत्राली' असं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मला ऑफिसात चैत्रालीचा फोन आला. तिनं 'कसे आहात काका' वगैरे विचारलं, हे मला नंतर फार लागलं.

"काका, एक प्रॉब्लेम झालाय," ती म्हणाली. "दिवाळीची खोकी लवकर आली ना, तर बिल्डिंगच्या लीजिंग ऑफिसमध्ये एकदम त्रेसष्ट पार्सल्स जमली. मॅनेजरचं म्हणणं आहे, मी अपार्टमेंटमधून बिझनेस चालवते. त्यानं नोटीस दिलीये. आणि तिची कॉपी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला गेली."

"मग सांग ना त्यांना, बिझनेस नाही म्हणून."

"सांगितलं. ते म्हणतात, परमिशनशिवाय काम केलं असेल तर स्टेटस जातं. मग परत जावं लागेल. त्यांना फक्त एक लेटर हवंय काका. पार्सल्स कोणाची, माझ्याकडे का पाठवली, आणि मला पैसे दिले नाहीत, एवढंच. ज्यांची आहेत त्यांच्या सहीनं. दहा दिवसांत."

मी म्हणालो, एवढंच ना! आजच करतो.

"थँक यू काका," ती म्हणाली. मग म्हणाली, "थिसिसचं शेवटचं चॅप्टर राहिलंय फक्त. बाबांना मी अजून काही बोलले नाहीये."

तिचा थिसिस घाण पाणी पडद्यातून गाळून स्वच्छ करण्यावर होता. चार वर्षांत आम्ही कोणी तिला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मला तेवढ्यापुरती लाज वाटली, आणि मग मी मीटिंग बोलावली, कारण मीटिंग बोलावली की लाज वाटून घेतली जाते असा माझा अनुभव आहे.

तातडीची बैठक माझ्या बेसमेंटमध्ये झाली. कार्यकारिणीचे अकरा जण हजर होते. राजाराम म्हणाला, पत्र हा आपल्या हातचा मळ आहे, आत्ता लिहू, आत्ता सह्या करू. वातावरण फार उदात्त झालं. मग प्रतिमानं, जी पेशानं अकाउंटंट आहे, आपली वही मिटली आणि विचारलं, "पत्रात 'का पाठवली' याचं उत्तर काय लिहिणार?"

राजारामनं पेनाचं टोपण परत लावलं.

"खरं लिहिलं तर 'टॅक्स वाचवायला' असं लिहावं लागेल," प्रतिमा म्हणाली. "आणि माल इथे व्हर्जिनियात आणून वापरला म्हणजे यूज टॅक्स लागतो. सीयू-सेव्हन नावाचा फॉर्म असतो. किती जणांनी भरलाय?"

माझ्या घरातल्या फ्रिजचा आवाज बेसमेंटपर्यंत येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"आपण भरला नाही हे खरं," राजाराम म्हणाला, "पण त्यांना कुठे माहितीये?"

"सही केलीस की माहिती होईल. आणि तुझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू कधी आहे?"

राजारामचा इंटरव्ह्यू एकोणीस दिवसांवर होता. माझा आणि सुवर्णाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पाच आठवड्यांवर. नागरिकत्वाच्या अर्जात एक साधा प्रश्न असतो: केंद्राचा, राज्याचा किंवा स्थानिक असा कुठलाही कर तुमच्याकडे थकलेला आहे का? आम्ही सर्वांनी काळ्या शाईनं 'नाही' वर खूण केली होती. त्याच अर्जात, तुम्ही कधी नाझी सरकारसाठी काम केलं आहे का, असाही प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांना आम्ही सारख्याच वेगानं उत्तर दिलं होतं.

मग कर भरून टाका आणि मग सही करा, असं कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं. पण आम्ही विचार करणारी माणसं. कर भरला नाही तर तो थकलाय हे कोणाला माहीत नाही. भरला तर तो आजपर्यंत थकला होता याची पावती मिळते. म्हणजे गुन्हा न भरण्यात नसून भरण्यात आहे, हे अकरा उच्चशिक्षित लोकांनी पाऊण तासात सिद्ध केलं. त्यातल्या तिघांची पीएचडी झालेली आहे.

यानंतर पत्राचे मसुदे सुरू झाले. पहिल्यात ती खोकी म्हणजे आम्ही एकमेकांना दिलेल्या भेटवस्तू होत्या. दुसऱ्यात 'काही खोकी येत राहिली' असं लिहून ती कोणी पाठवली हा भाग निसर्गावर सोडला होता. तिसऱ्यात मालक होते, पण ते भारतात परत गेलेले होते. चौथा मसुदा सर्वांना आवडला. त्यात सगळं खरं होतं, फक्त सह्यांची जागा नव्हती. प्रत्येकानं दुसऱ्याला सही करायचा आग्रह केला. पंगतीत वाढप्यानं जिलबीचा करावा, तितका प्रेमळ.

"माझं ग्रीन कार्ड अडकलंय, नाहीतर मी डोळे मिटून केली असती," अनिल म्हणाला.

माझी पंधरा वर्षांची मुलगी प्रीता पाण्याची बाटली घ्यायला खाली आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "वेट. सो यू गाइज आर, लाइक, स्मगलिंग बुकशेल्व्ज?"

सर्व जण कौतुकानं हसले. मुलांचं मराठी कच्चं राहिल्यामुळे त्यांचे गैरसमज होतात, असं राजाराम म्हणाला.

शेवटी तोडगा मीच काढला, आणि तो सांगताना मला आजही घाम येतो. आपली माणसं अडचणीत आली की आपण काय करतो? सत्कार करतो. मी सुचवलं, की मंडळानं चैत्रालीला सन्मानपत्र द्यावं. व्यक्तीची सही नाही, संस्थेचा शिक्का. कोणी अडकत नाही आणि तिच्या चारित्र्याची ग्वाही मिळते. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. प्रतिमानं तेवढी टाळी वाजवली नाही, पण विरोधही केला नाही. तिचाही इंटरव्ह्यू डिसेंबरात होता. त्याच शनिवारी राजाराम आणि मी शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं सन्मानपत्र घेऊन न्यूअर्कला गेलो. (येताना त्रेसष्टपैकी एकोणीस खोकी बसली.) मजकूर माझाच होता:

'गेली चार वर्षे ऊन, पाऊस आणि हिमवर्षाव यांची तमा न बाळगता आपण मंडळाच्या अकराशे चाळीस नगांची आवक, साठवण व वितरण एकहाती सांभाळलेत. आपल्या या अथक कार्यामुळे मंडळाच्या सभासदांचा मोठा आर्थिक लाभ झाला. मंडळ आपले ऋणी आहे.'

स्टुडंट ऑफिसला मराठी वाचता येत नसल्यामुळे इंग्रजी भाषांतरही केलं. तेही माझंच. मी ते फार काटेकोर करतो.

चैत्रालीनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. सन्मानपत्र दोनदा वाचलं. "काका, यात कोणाचं नाव नाहीये," ती म्हणाली. मी म्हणालो, अगं, अख्खं मंडळ तुझ्या पाठीशी आहे. तिनं आम्हाला चहा केला. एकच कप होता, दुसरा चहा मोजमापाच्या काचेच्या भांड्यात आला, कारण कपाटं खोक्यांनी भरलेली होती आणि भांडी कुठे तरी मागे होती. ते भांडं हातात घेऊन मी बसलो होतो, आणि मला सांगावंसं वाटत होतं, की दे तो कागद, मी खाली नाव लिहितो. मी म्हणालो, चहा छान झालाय.

मंगळवारी तिचा पुन्हा फोन आला. या वेळी तिनं 'कसे आहात' विचारलं नाही.

"काका, ते सर्टिफिकेट मी दिलं त्यांना. दुसरं काहीच नव्हतं माझ्याकडे. तिथल्या बाईंनी वाचलं आणि मला म्हणाल्या, म्हणजे तू या ऑर्गनायझेशनसाठी चार वर्षं वेअरहाउस चालवतेयस." मग ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत दुसरं काही नाही आलं तर त्या रिपोर्ट करणार. काका, तुम्ही लोकांनी लेटर का नाही दिलं?"

आधी त्यांच्याकडे नुसता संशय होता. आता पुरावा होता, लेटरहेडवर, शिक्क्यासकट, आणि त्याचं इंग्रजी निर्दोष होतं.

मी तिला 'बघतो' म्हणालो आणि पाचव्या मसुद्याला बसलो. बुधवारी सहावा झाला. गुरुवारी रात्री सातव्यात मी 'कदाचित' हा शब्द कुठे घालावा याचा विचार करत असताना सुवर्णा जिन्यात येऊन उभी राहिली. ती दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्तात काय आहे ते लिहायचं आणि काय असायला हवं होतं ते लिहायचं नाही, अशी तिच्या कामाची पद्धत आहे.

"किती झालं आपलं?" तिनं विचारलं.

"काय?"

"टॅक्स. चार वर्षांचा."

मी म्हणालो, ते एवढं सोपं नाही. तिनं माझ्या इमेलमधून सगळ्या पावत्या छापून आणल्या होत्या. व्याजासकट चारशे बारा डॉलर. मी तिला नागरिकत्वाचा प्रश्न समजावून सांगितला. गुन्हा न भरण्यात नसून भरण्यात कसा आहे, तेही पुन्हा सिद्ध करून दाखवलं.

"श्रीरंग," ती म्हणाली, "प्रीता पुढच्या तीन वर्षांत कुठे तरी लांब शिकायला जाईल. तिच्या गावात असे शहाण्णव काका असले तर?"

आणि झोपायला गेली.

शुक्रवारी मी उठलो तेव्हा गाडी नव्हती. सुवर्णा साडेपाचला निघाली होती. टोलच्या पावत्या मी नंतर पाहिल्या. ती एल्कटनला उतरली नाही. तिचं पत्र चार वाक्यांचं होतं. या या तारखांची ही एक्केचाळीस खोकी आमची आहेत. आम्ही ती व्हर्जिनियाचा विक्रीकर चुकवण्यासाठी या मुलीच्या पत्त्यावर पाठवत होतो. बाकीचीही त्याच कारणासाठी येत होती. तिला आम्ही कधी एक डॉलरही दिला नाही, आणि द्यायला हवा होता असं आम्हाला कधी वाटलंही नाही. सोबत भरलेले चार फॉर्म आणि चेकची प्रत. खाली सही आणि आमचा पत्ता. माझ्या सातपैकी एकाही मसुद्याखाली नाव नव्हतं.

स्टुडंट ऑफिसातल्या बाईंनी ते वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाल्या, आम्हाला एवढंच हवं होतं. चैत्रालीचा व्हिसा राहिला. पुढच्या मे महिन्यात ती डॉक्टर झाली. समारंभाला तिनं सुवर्णाला बोलावलं. मला बोलावलं नाही असं म्हणता येणार नाही. निमंत्रणावर 'आणि कुटुंब' असं होतं.

आता माझ्या धैर्याविषयी. आमचं टॅक्स रिटर्न नवराबायकोचं एकत्र असल्यामुळे सुवर्णानं सही केली त्याच क्षणी मीही आपोआप प्रामाणिक झालो. मंडळात माझी वाहवा झाली आणि मी ती नम्रपणे स्वीकारली. नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूत आम्ही अधिकाऱ्यासमोर पावती ठेवली. मी अकरा मिनिटं स्पष्टीकरण दिलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: "एवढ्यासाठी तुम्ही गाडी घेऊन डेलावेअरला जात होता?" मी हो म्हणालो. त्यानं शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. ज्या संकटाच्या भीतीनं आम्ही एका मुलीला परत पाठवायला तयार झालो होतो, ते संकट एवढंच होतं.

राजाराम त्याच्या आधीच नागरिक झाला होता. "सुवर्णानं जरा घाई केली," असं त्याचं मत आहे. सुवर्णाच्या पत्राखाली बरीच मोकळी जागा होती. उरलेल्या पंचाण्णव कुटुंबांनाही सह्या करता याव्यात म्हणून तिनं ती मुद्दाम सोडली होती, आणि पत्राची प्रत सर्वांना इमेलनं पाठवलीही होती. सर्वांनी ती वाचली. सत्तावीस जणांनी 'खूपच प्रेरणादायी' असं उत्तर दिलं. जागा अजून मोकळी आहे.

हे सगळं पुण्या-मुंबईत छापून येईल तेव्हा तुम्ही ते वाचाल आणि म्हणाल, काय ही अमेरिकेतली माणसं, एवढं कमावतात आणि पाच टक्क्यांसाठी परक्या पोरीचं वाटोळं करायला निघतात. अगदी मान्य. मीच म्हणतोय ते. फक्त एक करा. मागे तुम्ही पंखा, मिक्सर, बाथरूमच्या फरश्या, जे काय घेतलंत, तेव्हा दुकानदारानं कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता हळूच विचारलं होतं, "बिल करू, की असंच? बिल केलं तर साडेबारा टक्के व्हॅट लागेल." त्यावर तुम्ही काय म्हणालात, ते एका कोऱ्या कागदावर लिहा. दोन ओळी पुरतात. दुकानाचं नाव आणि तारीख घाला. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून सही करा.

करा, मी थांबतो.